मेदोवृद्धी आणि कण्याचे बल : वजनकाट्यावर किती विसंबावे?

भातकापणी आटोपली की आमच्या दवाखान्यात पाठदुखीच्या रुग्णांची रीघ लागते. याच सुमारास औषधी कंपन्यांचे प्रतिनिधीही येऊ लागतात आणि बहुतेकांच्या हाती एकच प्रस्ताव असतो. दवाखान्यात किंवा औषधालयाच्या दारात हाडांच्या तपासणीचे मोफत शिबिर घ्यावे. यंत्र कंपनीचे, फलक कंपनीचा, चहापाणीही कंपनीचे. आपण फक्त रुग्ण जमवावेत. रुग्णाने टाच यंत्रात ठेवायची, दोन मिनिटांत कागद बाहेर येतो, कागदावर हिरवा, पिवळा वा तांबडा पट्टा असतो, आणि पिवळ्या-तांबड्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन घरी जायचे. अशी शिबिरे आम्हीही घेतली आहेत, एकदा नव्हे, तीनदा. तेव्हा पुढील लिखाण इतर वैद्यबंधूंस दोष देण्यासाठी आहे असा समज कृपया करून घेऊ नये. दोषात आमचा वाटा आहेच.

तिसऱ्या शिबिरातील दोन कागद आम्ही जपून ठेवले आहेत. पहिला ६२ वर्षांच्या एका बाईंचा. वजन ७८ किलो, उंची जेमतेम पाच फूट, मधुमेह बारा वर्षांचा, उदर सुटलेले, हातपाय मात्र त्या मानाने बारीक. कागद हिरवा. "हाडं मजबूत आहेत काकू, काळजी नको," असे आम्हीच म्हणालो. दुसरा कागद ५८ वर्षांच्या, ४१ किलो वजनाच्या, उभा जन्म भाताची लावणी केलेल्या बाईंचा. तो तांबडा. त्यांना आम्ही भीती घातली, पाण्याची कळशी उचलू नका असे बजावले. चौदा महिन्यांनी हिरव्या कागदाच्या काकू नळाखालची अर्धी बादली उचलताना पाठीत लचक भरली म्हणून आल्या. लचक नव्हती. क्ष-किरण चित्रात पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने चेपलेला स्पष्ट दिसत होता. "डॉक्टर, तुम्हीच तर हिरवा आहे म्हणाला होतात," एवढेच त्या म्हणाल्या. तांबड्या कागदाच्या बाई अद्याप लावणीला उभ्या राहतात. गोळ्या आपण पहिल्याच महिन्यानंतर सोडल्या, हे त्यांनी पुढे आम्हांस हसत सांगितले.

दोन रुग्णांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. कृश रुग्णांची हाडे मोडत नाहीत असेही नाही. ती मोडतात, आणि खुब्याचे हाड तर अधिकच मोडते. परंतु त्या हिरव्या कागदाने आम्हांस एक प्रश्न पडला. वजनदार माणसाची हाडे भक्कम असतात, हा जो समज रुग्णांच्या आणि आपल्याही मनात घट्ट बसला आहे, तो कण्याच्या बाबतीत कितपत खरा आहे?

टाचेच्या यंत्राविषयी आधी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली अस्थिसौषिर्याची जी व्याख्या केली, त्यात निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीपेक्षा २.५ प्रमाण विचलनांनी किंवा त्याहून खाली गेलेली घनता म्हणजे अस्थिसौषिर्य असे ठरले. ही व्याख्या 'डेक्सा' या क्ष-किरण तपासणीच्या मोजमापावर उभी आहे. टाचेतून ध्वनिलहरी सोडणाऱ्या यंत्राला तेच आकडे जसेच्या तसे लावणे योग्य नाही. टाचेची तपासणी फार तर कोणाला पुढे डेक्सासाठी पाठवावे याचा अंदाज देईल. कोणाला निर्धास्त करण्याचा अधिकार तिला नाही. शिबिरात आपण नेमके हेच करतो.

पण खरी डेक्सा केली तरी प्रश्न सुटतो असे नाही. डेक्सा हाडाची सपाट छाया पाहते आणि एका चौरस सेंटिमीटरमागे खनिज किती ग्रॅम, ते सांगते. हाडाची खोली तिला कळत नाही. त्यामुळे लहान चणीच्या स्त्रीचे हाड धडधाकट असूनही आकडा कमी येऊ शकतो. आणि आपल्या कोकणातील स्त्रिया बहुधा लहान चणीच्याच. उलट उतारवयात मणक्यांच्या कडांना जे अस्थिकंटक फुटतात, ते छायेत मिसळून आकडा उगाच वाढवून दाखवितात.

त्याहून मोठी अडचण अशी की, हाडाचे बल केवळ खनिजाच्या राशीवर ठरत नाही. मणक्याचा गाभा सच्छिद्र असतो. सूक्ष्म अस्थितंतूंची ती एक जाळी असते. मिरकरवाड्यावर सुकत घातलेली दोन जाळी मनात आणावीत. दोन्हींचे वजन सारखेच. एकाची वीण सलग. दुसऱ्याचे धागे जागोजागी तुटलेले, आणि उरलेल्या सुताच्या गाठी एकीकडे गोळा झालेल्या. काट्यावर दोन्ही समान भरतील, परंतु मासळी कोणात राहील हे तांडेलाला काट्याविना कळते. मणक्याच्या या विणीचा अंदाज घेणारे एक मोजमाप २००८ पासून वैद्यकीय वाङ्मयात आले. त्याचे नाव 'ट्रॅबेक्युलर बोन स्कोअर'. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील दिदिए हान्स यांचा त्याच्या विकासात मोठा वाटा आहे, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली त्यास मान्यता दिली. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. कमरेच्या पहिल्या चार मणक्यांचे जे डेक्सा-चित्र निघते, त्याच चित्रातील करड्या छटांचा पोत संगणक तपासतो. साधारणपणे १.३१ च्या वर अंक आला तर वीण चांगली, १.२३ च्या खाली गेला तर ढासळलेली, असे मानतात.

आता मुद्द्याकडे येतो. शरीराचे वजन वाढेल तशी डेक्सातील घनता वाढताना दिसते, हे जुने निरीक्षण आहे. हाडावर भार पडला की हाड जाड होते, म्हणून ते स्वाभाविकही आहे. परंतु विणीचा अंक बहुतेक अभ्यासांत उलट दिशेने जातो. वजन, आणि त्यातही कंबरेचा घेर व पोटातील मेद वाढेल, तसा तो अंक उतरतो. मधुमेही रुग्णांत घनता चांगली असूनही हा अंक खालावलेला आढळतो, आणि त्यांची हाडे घनतेच्या मानाने अधिक मोडतात. आमच्या हिरव्या कागदाच्या काकूंचा उलगडा आम्हांस येथे झाला.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीच लागेल, नाहीतर नव्या यंत्राची भाटगिरी केल्यासारखे होईल. पोटावर मेदाचा थर जाड असला की क्ष-किरण चित्र धूसर होते आणि चित्र धूसर झाले की विणीचा अंक आपोआप घसरतो. म्हणजे स्थूल रुग्णात दिसणारी घसरण काही अंशी हाडाची, तर काही अंशी चित्राची असते. म्हणूनच उंचीच्या वर्गाने वजनास भागून येणारा देहभारांक १५ ते ३७ यांमध्ये असेल तरच हा अंक ग्राह्य धरतात, आणि नव्या गणनपद्धतीत पोटाच्या थराची जाडी प्रत्यक्ष मोजून दुरुस्ती केली जाते. अशी दुरुस्ती केल्यावर स्थूलतेचा आणि विणीचा संबंध पूर्वी वाटत होता तेवढा गडद राहत नाही. केवळ या एका अंकावर आम्ही हा लेख लिहिला नसता.

परंतु अंक बाजूला ठेवून प्रत्यक्ष मोडलेली हाडे मोजली, तरी चित्र फारसे बदलत नाही. २००५ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून असे दिसले की, देहभारांक २५ ऐवजी २० असेल तर खुबा मोडण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. पण तो २५ वरून ३० वर गेल्याने मिळणारे संरक्षण अगदी थोडे असते. २०११ मध्ये दहा देशांतील सुमारे ६० हजार स्त्रियांच्या पाहणीत, अस्थिभंग झालेल्या दर पाचांतील एकीहून अधिक स्त्रिया स्थूल निघाल्या. आणि २०१९ साली अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून नेमका कण्याचा प्रश्न पुढे आला. कंबरेचा घेर जसा वाढत गेला, तसा मणका मोडण्याचा धोकाही वाढत गेला. वजन किती, यापेक्षा ते वजन शरीरात कोठे साठले आहे, याला महत्त्व आहे असा त्याचा अर्थ.

यावर आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, "अहो, हे गोऱ्या बायकांचे. त्या शंभर किलोच्या. आपल्याकडच्या पंचावन्न किलोच्या बाईला हे कशाला लागू?" आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर परदेशात शोधावे लागत नाही, ते पुण्यात मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा देहभारांक एकच, २२.३. दोघेही दिसावयास सडसडीत. मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याच गटाने पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा जो अभ्यास केला, त्यात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले; इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके वजनाने, पोटाच्या घेराने, स्नायूंनी कमी भरली, परंतु पाठीवरच्या त्वचेखालील मेदाच्या बाबतीत ती फारशी मागे नव्हती. कृश दिसणारा, तरीही मेदस्वी असा हा देह आपल्याला जन्मतःच लाभतो. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये मर्यादा खाली आणल्या: देहभारांक २३ पासून अतिवजन, २५ पासून स्थूलता, कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर.

पंचावन्न किलोची ती बाई काट्यावर निर्दोष ठरते. तिच्या कंबरेला टेप लावली की ८८ भरते. तिच्या वजनात हाडाला भार देऊन बळकट करणारे मांस थोडे, आणि हाडाला न मानवणारा उदरातील मेद अधिक. वजनदार देहाचा लाभही तिला नाही आणि कृश देहाचा हलकेपणाही नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहावयाचे तर चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे वालावलकर रुग्णालयाने कोकणातील १६ ते १८ वर्षांच्या सुमारे दीड हजार मुलींचा अभ्यास हाती घेतला आहे. या मुलींचा मागोवा पुढे त्यांच्या मातृत्वापर्यंत घ्यावयाचा, अशी त्याची आखणी आहे. तो अभ्यास मुख्यतः पोषणाचा आणि पुढे उद्भवणाऱ्या मधुमेहादी व्याधींचा आहे, कण्याचा नव्हे. परंतु आम्हांस तो या विषयाच्या जवळचा वाटतो, कारण अस्थींची जी पुंजी जमावयाची ती तिशीच्या आत जमते. त्या वयात मांस आणि अस्थी न भरता मेदच भरला, तर साठीत आपण त्या बाईस काय देणार?

एरवी या उणिवेवर आपल्या जीवनक्रमाचे पांघरूण होते. पाखाडीच्या पायऱ्या दिवसातून दहा वेळा चढणे, विहिरीचे पाणी, डोईवरचा गवताचा भारा, लावणी, भारे बांधणी. कोणी व्यायाम म्हणून हे केले नाही. पण मांसधातूचे पोषण त्यातून होत होते आणि कण्यावर नित्य भार पडत होता. आता नळ दारात, दुचाकी अंगणात, शेत पुष्कळांचे पडीक. हे कष्ट परत यावेत असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्या कष्टांनी किती बायकांचे गुडघे झिजविले ते आम्ही पाहतो. मात्र त्यांच्या जागी दुसरे काहीच आलेले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

आता ग्रंथांकडे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाचे जे वर्णन केले आहे, ते आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. त्याचा आशय असा की, अतिस्थूल देहात मेदाचेच पोषण होते आणि इतर धातू त्या प्रमाणात पोसले जात नाहीत. हे वाक्य परीक्षेत लिहिले; दवाखान्यात विसरलो. इतर धातूंत अस्थीही येतात, आणि धातुक्रमात तर मेदानंतर लगेच अस्थीच. सुश्रुताचार्य शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात मेदोधरा कलेचे वर्णन करताना मेदाची दोन स्थाने सांगतात: उदर आणि लहान अस्थी. मोठ्या अस्थींत मज्जा, इतर अस्थींत रक्तमिश्रित मेद, असा त्यांचा विभाग आहे. वाग्भटाचार्य मज्जाक्षयात अस्थींचे सौषिर्य सांगतात, तर चरकाचार्य त्याच क्षयात अस्थी दुर्बल आणि लघु झाल्याचे. आजचा 'अस्थिसौषिर्य' हा शब्द आला आहे तो या परंपरेतूनच.

बोस्टन येथील संशोधकांनी २०११ साली स्थूल स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यातील मेद मोजला तेव्हा, पोटातील मेद जेवढा अधिक तेवढा मणक्याच्या गाभ्यातील मेदही अधिक, असे त्यांस आढळले. उदर आणि लहान अस्थी! हे वाचून आम्हांस आनंद झाला हे लपवीत नाही. तथापि सुश्रुतांनी हे सारे आधीच सांगून ठेवले होते, अशी आरोळी ठोकण्यास आमचे मन धजत नाही. सुश्रुतांनी शवविच्छेदनातून जे पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदविले. उदरातील मेद वाढला की कणा मोडतो, असे त्यांनी म्हटलेले नाही. ग्रंथ आपल्याला कोठे पाहावे ते दाखवितात. पाहण्याचे काम आपले. आपण पाहिले नाही आणि बोस्टनकरांनी पाहिले, एवढाच याचा अर्थ.

आधुनिक विज्ञान याची कारणमीमांसाही देते. अस्थी घडविणारी पेशी आणि मेद साठविणारी पेशी या मज्जेतील एकाच मातृपेशीपासून निपजतात. ती मातृपेशी मेदाच्या वाटेला लागली की अस्थीच्या वाटेला तेवढीच उणीव पडते. शिवाय उदरातील मेद स्वस्थ बसत नाही. त्यातून शोथ वाढविणारी द्रव्ये स्रवतात आणि ती अस्थी झिजविणाऱ्या पेशींस चेतवितात. मेदाने मार्ग आवृत झाल्यावर वायूचा संचार कसा बिघडतो, याचे चरकोक्त वर्णन येथे ज्याने त्याने आठवावे. दोन शास्त्रांची वाक्ये एकमेकांवर चिकटविण्याचा अट्टाहास आम्ही करीत नाही.

एक व्यवहारोपयोगी गोष्ट. डेक्सा आपल्या अनेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर असते, पण पाठदुखीचा रुग्ण आजकाल कमरेची एमआरआय आधीच काढून, तिची पिशवी काखेत मारून येतो. त्या चित्रांच्या एका प्रकारात मेद पांढरा उजळ दिसतो. अमेरिकेतील शल्यतज्ज्ञांनी २०१९-२० च्या सुमारास अशी पद्धत सुचविली की, पहिल्या चार कटिमणक्यांचा उजळपणा मोजावा आणि त्यास कण्याभोवतीच्या द्रवाच्या उजळपणाने भागावे. भागाकार जेवढा मोठा, तेवढा मणक्यात मेद अधिक आणि अस्थी विरळ. हे गणित वैद्याने करावयाचे नाही. पण चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञास चिठ्ठीत दोन ओळी लिहून विचारता येते. आम्ही विचारतो. बहुधा उत्तर येते.

चिकित्सेत खरी पंचाईत येते ती येथे. अस्थिक्षयात बृंहण, तिक्तद्रव्यांनी सिद्ध केलेले क्षीर व घृत, आणि बस्ती, हा आपला राजमार्ग. परंतु रुग्ण स्थूल असेल तर तेच क्षीरघृत उदराच्या पदरात पडते. उलट मेदोहर म्हणून साठीच्या बाईस लंघन आणि लेखन द्रव्ये महिनोन्महिने दिली की वजन उतरते खरे, पण उतरलेल्या वजनात मांस आणि अस्थीही असतात. व्यायामाविना केवळ उपासाने वजन घटविले तर खुब्याची घनता घटते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. चरकाचार्यांनी स्थूलासाठी गुरू असूनही अपतर्पण करणारा आहार सांगितला आहे, त्यातील मर्म आम्हांस आता कळू लागले आहे. आपल्याकडे तो महागही नाही. कुळथाची पिठी आहे, नाचणीची भाकरी आहे. नाचणीत तर १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. आमचा क्रम सध्या असा : आधी आमपाचन आणि रूक्षण, मग लेखन बस्ती मोजक्या, त्यानंतर तिक्तक्षीर बस्ती, आणि पहिल्या दिवसापासून खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा, जिना चढण्याचा, हाती थोडे वजन घेण्याचा व्यायाम. ज्यांचा मणका आधीच चेपलेला आहे त्यांस पुढे वाकून करावयाची आसने आम्ही पूर्णतः वर्ज्य करतो. याने विणीचा अंक सुधारतो असा आमचा दावा नाही. रुग्ण पडत कमी आहेत आणि उठत सहज आहेत, एवढेच आम्ही पाहिले आहे.

औषधालयचालक बंधूंशी थोडे मोकळेपणाने बोलावयाचे आहे. आपल्या एकाच फळीवर मेदोहर गुटिका आणि शेजारी कॅल्शियमची डबी असते, आणि पुष्कळदा एकच बाई एकाच दिवशी दोन्ही घेऊन जाते. कोणी विचारीत नाही. शंख, कपर्दिक, प्रवाळ, मुक्ताशुक्ती, कुक्कुटाण्डत्वक् ही सारी मुळात चुनखडीच्या जातीची द्रव्ये. त्यांचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. पण दारात चुना येऊन पडला आणि गवंडी कामावर आलाच नाही, तर भिंत उभी राहत नाही. मांसधातूवर भार पडल्याविना गवंडी येत नाही.

आणि एक गोष्ट याहून गंभीर. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ४९ वर्षांची एक रुग्णा आली. चेहरा गोल, उदर वाढलेले, हातपाय काटक्यांसारखे, त्वचेवर जागोजागी निळे डाग. वर्षात वजन नऊ किलोंनी वाढलेले, आणि घरचे लोक समाधानी, की औषध अंगी लागले. औषध म्हणजे सांधेदुखीची पुडी. वेष्टणावर 'शुद्ध आयुर्वेदिक' यापलीकडे निर्मात्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. कण्याचे तीन मणके चेपलेले होते. पुडी तपासणीस पाठविली; तीत स्टिरॉईड निघाले. ती पुडी जत्रेतल्या फिरत्या विक्रेत्याची नव्हती. एका औषधालयातून, रीतसर काउंटरवरून दिलेली होती.

स्टिरॉईडने जे होते ते या लेखातील विषयाचे अत्यंत टोकाचे रूप आहे. मेद उदरी गोळा होतो, मांस झडते, आणि मणक्याची जाळी सर्वांआधी ढासळते. घनता फारशी घटलेली नसतानाही वीण तुटलेली असते, आणि पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच मणके मोडू लागतात. वजनकाटा मात्र सुधारणा दाखवीत असतो. आयुर्वेदीय औषधात असे आधुनिक द्रव्य मिसळणे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली गुन्हा आहे, हे आपणांस ठाऊक आहे. पण कायद्याची भीती घालणे हा येथे आमचा हेतू नाही. त्या बाईने ती पुडी घेतली ती आपल्या शास्त्रावरच्या विश्वासाने, तुमच्या आमच्या फलकावरचे नाव वाचून. असा रुग्ण आढळला तर पुडी एकाएकी बंद करवू नये. शरीराचे स्वतःचे तत्सम स्राव निजलेले असतात आणि अचानक बंद केल्याने प्राणावर बेतू शकते. रुग्णास तत्काळ कायचिकित्सकाकडे पाठवून मात्रा हळूहळू उतरवून घ्यावी. ती रुग्णा अशीच सावरली. कणा मात्र वाकला तो वाकलाच.

आम्ही शिबिरे बंद केली आहेत. पन्नाशीपुढील प्रत्येक रुग्णाचे वजन आजही घेतो, परंतु त्याशेजारी चार गोष्टी लिहितो. कंबरेचा घेर. पोटरीचा घेर, तो स्त्रियांत ३३ आणि पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मांसक्षयाची शंका घ्यावी, असे आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सुचविले आहे. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठण्यास लागणारा वेळ. बारा सेकंद वा अधिक लागले तर तेही त्याचेच लक्षण. आणि तरुणपणीच्या उंचीत पडलेला फरक, जो चार सेंटिमीटर वा अधिक असेल तर दुखत नसले तरी कण्याचे क्ष-किरण चित्र. परदेशी बनावटीची जी प्रश्नावली संगणकावर भरून अस्थिभंगाचा धोका काढतात, त्यात वजन आणि उंची विचारतात, कंबर विचारीत नाहीत. म्हणून ती भरली तरी टेप सोडू नये. या साऱ्यास सहा-सात मिनिटे जातात. गर्दीच्या दिवशी तेवढी मिळत नाहीत, हेही खरे. मग दुसऱ्या दिवशी बोलावतो, आणि काही येत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर तोच प्रतिनिधी पुन्हा आला. यंत्र नको, द्यावयाचेच असेल तर पाच कापडी टेपा द्या, असे आम्ही त्यास सांगितले. तो हसला, त्यास थट्टा वाटली असावी. तीन आठवड्यांनी टेपा आल्या. त्यांवर कंपनीच्या कॅल्शियमच्या गोळ्यांचे नाव छापलेले आहे. आम्ही त्या वापरीत आहोत.